एका डोक्यावर दोन छत्र्या

"सरकारचा आरोग्य विमा आहे ना, मग वर खाजगी पॉलिसी कशाला?" मी बरीच वर्षं एका विमा कंपनीत क्लेमच्या फायली तपासल्या, त्यामुळे हा प्रश्न मला कुठेही गाठतो. मी उलट विचारतो, "तुमचा सरकारी विमा कुठे संपतो, ते पाहिलंय का?" यावर बहुतेक जण "सगळं असतं की त्यात" म्हणून मोकळे होतात. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एकदा एक आजोबा श्रवणयंत्राचं बिल घेऊन माझ्या टेबलाशी आले. "हे पॉलिसीत बसत नाही," मी म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नाही. मोठ्यानं म्हटलं, ते सगळ्या ऑफिसनं ऐकलं, त्यांनी सोडून. शेवटी त्यांच्याच बिलाच्या पाठीवर लिहून दिलं. त्यांनी वाचलं, खिशातून पेन काढलं आणि खाली लिहिलं, "मग काय बसतं?"

अकरा वर्षं त्यांनी हप्ते भरले होते. पॉलिसी होती रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चाची. तो खर्च त्यांना सरकारी विम्यातून मिळतच होता. मधल्या काळात त्यांची दोन ऑपरेशनं झाली, दोन्ही सरकारी विम्यावर, आमच्याकडे एक कागदही आला नाही. एका डोक्यावर दोन छत्र्या आणि पाय भिजलेले, असा प्रकार. दोष त्यांचा म्हणवत नाही. विकणाऱ्यानं त्यांना कधी विचारलंच नसणार की तुमच्याकडे आधीचं काय आहे.

सरकारी विमा मुळात मोठ्या घावासाठी असतो: अपघात, ऑपरेशन, कर्करोग, बाळंतपणातली गुंतागुंत. तिथे तो बहुतेक देशांत चांगलाच टिकतो. आपल्याकडची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना 2018 मध्ये सुरू झाली. तिच्यात पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, शिवाय दाखल होण्याआधीचे 3 दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे 15 दिवस यांतल्या तपासण्या आणि औषधं. इथे 'दाखल' हा शब्द नीट वाचायचा. ओपीडी, म्हणजे दाखल न होता घेतलेले उपचार, त्यात नाही. सरकारी विम्याचं पहिलं भोक हेच: काही गोष्टी त्यात मुळातच नसतात. म्हणजे मधुमेहामुळे पाय कापायची वेळ आली तर योजना उभी राहते. ती वेळ येऊ नये म्हणून वर्षानुवर्षं घ्यायच्या गोळ्यांचा खर्च मात्र आपला. (हे मला आजही पटत नाही, पण तो वेगळा विषय.)

कॅनडाचं नाव फुकट उपचारांसाठी घेतलं जातं. तिथल्या 1984 च्या कायद्यातही हमी आहे ती रुग्णालयाची आणि डॉक्टरांची. रुग्णालयात मिळणारं औषध त्यात येतं. घरी आल्यावर दुकानातून घ्यायचं तेच औषध त्या हमीबाहेर पडतं. मग कुठे प्रांताची योजना असते, कुठे नोकरीतून मिळालेला खाजगी विमा.

आणि दात. दात हा शरीराचा अवयव आहे, यावर बऱ्याच सरकारांचा विश्वास नसावा. ब्रिटनची आरोग्य सेवा खरं तर विमा नव्हे, ती करातून चालते, पण उदाहरण चांगलं आहे. 5 जुलै 1948 ला ती सुरू झाली तेव्हा सगळं मोफत होतं. कवळ्या आणि चष्मे यांच्यावर लोक अक्षरशः तुटून पडले, कारण कित्येक वर्षांची राहिलेली गरज एकदम बाहेर आली. 1951 मध्ये सरकारनं नेमकं या दोन गोष्टींवर शुल्क लावायचं ठरवलं, आणि ही सेवा उभी करणारे मंत्री अन्युरिन बेव्हन यांनी त्यावरून राजीनामा दिला. मंत्री गेले, शुल्क राहिलं. जर्मनीत कृत्रिम दातांसाठी सरकारी विमा ठरावीक साध्या उपचाराच्या खर्चाचे 60 टक्के देतो. दरवर्षी दाताच्या डॉक्टरकडे जाऊन एका छोट्या पुस्तिकेत शिक्का मारून घेतला, तर 5 वर्षांनी ते 70 आणि 10 वर्षांनी 75 टक्के होतात. शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखी ही पुस्तिका मला फार आवडते. उरलेल्या टक्क्यांसाठी तिथले लोक दातांची वेगळी खाजगी पॉलिसी घेतात.

दुसरं भोक म्हणजे बिलातला रुग्णानं स्वतः भरायचा वाटा. फ्रान्समध्ये डॉक्टरच्या फीपैकी साधारण 70 टक्के सरकारी विमा देतो, बाकीच्यासाठी जवळजवळ सगळ्यांकडे पूरक विमा असतो. 2016 पासून तो कर्मचाऱ्यांना देणं खाजगी मालकांवर बंधनकारकच आहे. अमेरिकेत 65 वर्षांवरच्यांसाठी असलेल्या मेडिकेअरच्या मूळ योजनेत डॉक्टरच्या बिलाचे 20 टक्के रुग्णाकडे राहतात, आणि त्या 20 टक्क्यांना वरची मर्यादा नाही. लहान बिलात 20 टक्के म्हणजे किरकोळ. केमोथेरपीच्या बिलात तेच 20 टक्के घर विकायला लावू शकतात. जपानमध्ये रुग्णाचा वाटा वरकरणी जास्त, बहुतेकांना 30 टक्के. पण महिन्याची एक कमाल मर्यादा आहे, आणि तिच्या पुढचा जवळजवळ सगळा भार विमा उचलतो. त्यामुळे तिथल्या खाजगी पॉलिसी बिल भरत बसत नाहीत. रुग्णालयातल्या दर दिवसामागे रोख रक्कम देतात. तिनं बुडालेला पगार भरा, नाहीतर मुलांना सांभाळायला बाई ठेवा. टक्का किती यापेक्षा मर्यादा आहे की नाही, हे आधी बघायचं.

तिसरं म्हणजे रांग. 2005 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे क्वेबेक प्रांतातला एक खटला आला. खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी लांबलचक थांबावं लागलेला एक रुग्ण आणि एक डॉक्टर यांचं म्हणणं होतं की, सरकारी विम्यात येणाऱ्या उपचारांसाठी खाजगी विमा काढायला प्रांतानं घातलेली बंदी अन्यायाची आहे. चार विरुद्ध तीन मतांनी ते जिंकले. बरोबर झालं की चूक, यावर तिथे अजून भांडणं होतात. मला दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटतं. पण रांग टाळायला खाजगी पॉलिसी घेणार असाल, तर तुमच्याकडे रांग खरंच आहे का आणि कशासाठी आहे, एवढं विचारून घ्या. हृदयविकाराचा झटका आलेल्याला सहसा कुणी रांगेत उभं करत नाही. रांग असते ती गुडघ्याला, खुब्याला, मोतीबिंदूला.

आता खाजगी विम्याच्या दाराशी येऊ, कारण ते दार सगळ्यांना सारखं उघडत नाही. सरकारी विमा साधारणपणे तुमचा आजार बघून दर ठरवत नाही. जन आरोग्य योजनेत जुना आजारही पहिल्या दिवसापासून धरला जातो. खाजगीत फॉर्मवरच प्रश्न येतो, आधीपासून काही आहे का? असेल तर प्रतीक्षा काळ, म्हणजे तेवढे दिवस त्या आजाराचा खर्च मिळत नाही. भारतात तो जास्तीत जास्त 4 वर्षांचा असायचा, 2024 पासून 3 वर्षांचा झाला. अमेरिकेत मेडिकेअरची भोकं बुजवणाऱ्या खाजगी पॉलिसीला पासष्टी ओलांडल्यावर 6 महिन्यांची एक खिडकी मिळते, त्या काळात कंपनी तुम्हाला नाकारू शकत नाही. ती चुकली, तर बहुतेक राज्यांत तब्येतीची चौकशी होते. मुळात मेडिकेअर 1965 मध्ये आलं तेच म्हाताऱ्यांना खाजगी विमा मिळणं मुश्कील म्हणून. गरज नसते तेव्हा एजंट फोन करतो. गरज पडली की आपण फोन करतो आणि तो 'बघतो' म्हणतो.

एक जागा मात्र अशी आहे, जिथे सरकारीही तोकडा पडतो आणि खाजगीही: म्हातारपणी घरी लागणारी रोजची मदत. आंघोळ घालणं, उठवून बसवणं, जेवण भरवणं. जर्मनीनं 1995 मध्ये त्यासाठी वेगळा सक्तीचा विमा आणला, तोही खर्चाचा काही भागच देतो. साध्या मेडिक्लेममध्ये हे सापडलं, तर मला जरूर कळवा. माझ्या टेबलावर आलेल्या सगळ्यांत केविलवाण्या फायली याच होत्या, कारण नकाराचं पत्र लिहिताना नियमावर बोट ठेवायला मला एक मिनिटही लागत नसे.

"तुमच्याकडे आहे का पण?" हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. आहे. एकच, दाखल होण्याच्या खर्चाची, भलंमोठं डिडक्टिबल ठेवून घेतलेली, म्हणजे बिलाचा सुरुवातीचा ठरावीक भाग ती देत नाही. सरकारी रक्कम जिथे संपते, तिथून ती चालू होते, म्हणून हप्ता हलका आहे. तब्येत धडधाकट असताना घेतली, फॉर्मवर लपवण्यासारखं काही नव्हतं तेव्हा. दातांची घेतली नाही. दरवर्षी साधारण तेवढाच होणारा खर्च कंपनीच्या हातून करवून घ्यायचा, तर तिचा नफाही आपणच भरायचा, हे आतून पाहिलंय. त्याऐवजी महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकतो. गेल्या वर्षी एका दाढेनं ते सगळे खाल्ले.