माणच्या माळावर जर्डन आठवला

माण तालुक्यात पोस्टिंग आहे माझी, दुपारी ओपीडी आटपली की दुर्बीण गळ्यात अडकवून दहिवडीजवळच्या माळावर जाते. परवा तिथं धाविक पक्षी दिसला, म्हणजे मला आधी दिसलाच नव्हता कारण माती आणि तो एकाच रंगाचे, पण मेंढरं राखणारे एक आजोबा हळूच म्हणाले, "डाक्टरीणबाई, हलू नगा, त्या दगडाच्या अलीकडं बगा." तर तो चार पावलं तुरुतुरु पळाला, गपकन थांबला, वाकून किडा टिपला, परत पळाला. डोळ्यावरची काळी-पांढरी पट्टी इतकी स्वच्छ दिसली की श्वास रोखून बघत बसले.

रात्री जर्डनचं पुस्तक काढून बसले. थॉमस जर्डन, ईस्ट इंडिया कंपनीचा असिस्टंट सर्जन, 1836 ला मद्रासला उतरला आणि सुरुवातीचं काम काय, तर गंजामला ताप आणि हगवणीनं बेजार झालेले सैनिक तपासायचे. पुढं घोडदळाबरोबर फिरत आपल्या जालन्याच्या छावणीतही राहिला. बदली होईल तिथले पक्षी नोंदवत गेला. त्याच्या आधी कर्नल साइक्सनं दख्खनच्या पक्ष्यांची यादी केली होती, जर्डनची दक्षिण भारताची यादी सुमारे 420 जातींवर गेली, आणि 1862 ते 64 मध्ये तीन खंडांत 1008 जातींचं 'द बर्ड्स ऑफ इंडिया' आलं. मला त्यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तो स्थानिक नावं देतो, हिंदी, तेलुगू, तमिळ, जिथं जे मिळालं ते. पेशंटशी बोलल्याशिवाय निदान होत नाही तसंच आहे हे.

धाविकाचाच एक भाऊबंद, छातीवर दोन पट्टे असलेला, जर्डनला 1848 च्या सुमारास आंध्रच्या झुडपी रानात सापडला. 1900 नंतर तो कुणाला दिसलाच नाही, संपला असं सगळ्यांनी धरलं, आणि 1986 च्या जानेवारीत कडप्पा जिल्ह्यात एका गावकऱ्यानं रात्री बॅटरीच्या उजेडात जिवंत पकडला! तेलुगूत त्याला कलिवी कोडी म्हणतात. हे वाचताना अंगावर काटा येतो माझ्या, दर वेळी.

आणि त्या मेंढरंवाल्या आजोबांना, ते धाविकाला काय म्हणतात, हे विचारायचंच राहिलं. गुरुवारी त्यांच्या वस्तीवर लसीकरण आहे, वही घेऊनच जाणार.