नाव पुसलं, साल सापडलं

माझ्या गिटार अॅम्पमधला पहिला व्हॉल्व्ह, म्हणजे आवाज वाढवणारी काचेची नळी, शिट्टी मारायला लागला, तेव्हा मिरजेच्या काकांच्या माळ्यावरचा डबा आठवला. काकांनी आयुष्यभर रेडिओ आणि मांडववाल्यांचे लाऊडस्पीकर दुरुस्त केले. डब्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले वीसेक व्हॉल्व्ह होते. मला हवा होता ईसीसी ८३. अमेरिकेत त्यालाच १२एएक्स७ म्हणतात.

तसे दोन निघाले. एकावर म्युलार्ड, ही फिलिप्सची इंग्लंडमधली नावाजलेली कंपनी; दुसऱ्यावर बीईएल, म्हणजे बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स. म्युलार्ड बघून मी हरखलो आणि लगेच ओल्या फडक्यानं पुसायला घेतला. अर्धं नाव फडक्यावर! ही जुनी छपाई नुसत्या बोटानंही निघते.

“अरे, पुसलास कशाला?” काकांनी तो काढून घेतला. “असू दे. नाव विकणाऱ्याचं असतं. कारखाना खाली बघ.”

त्यांनी काचेच्या बुडाशी तोंडाची वाफ सोडली, टॉर्च आडवा धरला. करड्या रंगाच्या दोन बारीक ओळी उमटल्या: वर ‘आय ६१’, खाली ‘बी २ एफ ३’. ही फिलिप्सच्या कारखान्यांची खूण. ‘आय ६’ म्हणजे ईसीसी ८३, पुढचा आकडा बांधणीतल्या बदलाचा. ‘बी’ म्हणजे इंग्लंडमधलं ब्लॅकबर्न. तिथे त्रिकोण असता, तर वर म्युलार्ड लिहिलेलं असूनही माल हॉलंडमधल्या हेर्लेनचा ठरला असता. ‘एफ’ म्हणजे सहावा महिना, ‘३’ म्हणजे तिसरा आठवडा. सालाला मात्र एकच आकडा, ‘२’. मग १९५२, ६२ की ७२? इथे माझं घोडं अडलं. काकांनी पट्टी लावून काचेच्या आतल्या धातूच्या प्लेटा दाखवल्या. पन्नासच्या दशकातल्या प्लेटा लांब, सुमारे १७ मिमी. याच्या आखूड होत्या. आणि बदलाचा आकडा अजून १ वरच, म्हणून बहात्तरही नको. जून १९६२ धरलं.

बीईएलवरचा कोड काही केल्या वाचता येईना. बंगळूरला रेडिओचे व्हॉल्व्ह १९६१ पासून बनायला लागले, म्हणजे त्याआधीचा नाही, एवढंच.

दोघांच्याही डोक्यावरचा, काचेच्या आतला चांदीसारखा थर शाबूत होता. (तो पांढरा पडला की आत हवा शिरली समजायचं, तो व्हॉल्व्ह गेला.) अॅम्पमध्ये लावून पेन्सिलीनं हळूच टिचकी मारली, तर म्युलार्ड स्पीकरमधून देवळातल्या घंटेसारखा घणघणला. बीईएल गप्प, आणि पहिल्या जागी तसाच हवा.

आता पहिल्या जागी बीईएल आहे. म्युलार्ड काकांनी पुन्हा कागदात गुंडाळला आणि वर पेन्सिलीनं लिहिलं: ‘जून ६२, वाजतो.’