दोन मुदी भात, एक मूद मॅक सॅलड

“तुम्ही आधी हवाईला होतात ना? मग तिथे खायचात काय? आणि ते इथे कुठे मिळतं?” मंडळाच्या गणपतीत, मुलांच्या शाळेबाहेर, होनोलुलूची तिकिटं काढून बसलेल्या मित्रांच्या फोनवर हे मला इतक्यांदा विचारलं गेलंय, की म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू. ‘इथे’ म्हणजे लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला, टॉरन्स-गार्डीनाच्या बाजूला. हा भाग महत्त्वाचा आहे, पुढे कळेल.

आधी अननसाचं निकालात काढू. अननस घातला की पदार्थ हवाईचा होतो, हा समज हवाईबाहेरचा. तो पिझ्झा तर कॅनडातला. १९६२ साली ओंटारिओत सॅम पानोपोलस नावाच्या ग्रीक हॉटेलवाल्याने तो पहिल्यांदा केला. होनोलुलूत अननस फळ म्हणूनच खातात, फार तर वर ली हिंग मुईची पूड भुरभुरवतात. खारवून वाळवलेल्या चिनी प्लमची ही आंबट-गोड-खारट लाल पूड. कैरीला तिखट-मीठ लावून खाणाऱ्यांना ती पहिल्या बोटालाच पटते.

मग तिथली माणसं खातात काय? इथे एक फरक कळला नाही तर पुढचं सगळं चुकतं. बेटांवर ‘हवाईयन’ म्हणजे मूळचे, पॉलिनेशियातून होड्यांनी आलेल्या लोकांचे वंशज आणि त्यांचं खाणं: कंदांची पेज म्हणजे पोइ, पानांत बांधून वाफवलेलं मांस म्हणजे लाउलाउ, जमिनीतल्या भट्टीत भाजलेलं डुक्कर, नारळाच्या दुधाची गोड वडी म्हणजे हाउपिया. रोजच्या जेवणाला मात्र सगळे ‘लोकल’ म्हणतात, आणि हे लोकल उसाच्या मळ्यांवर जन्मलं. मळेवाल्यांनी मजूर आणले ते १८५२ पासून चिनी, १८७८ पासून मदेइरा आणि अझोर्सचे पोर्तुगीज, १८८५ पासून मोठ्या संख्येनं जपानी, मग पोर्तो रिकोचे, कोरियन, १९०६ पासून फिलिपिनो. दुपारी मळ्यात दोन पुडांचे पत्र्याचे डबे उघडायचे. खाली भात, वर घरचं कालवण, आणि वरच्या पुडातलं एकमेकांत वाटून घ्यायचं. त्या डब्याला ‘काऊकाऊ टिन’ म्हणतात. आजचं प्लेट लंच या डब्याचंच वारसदार आहे.

प्लेट लंच म्हणजे दोन मुदी भात, एक मूद मॅकरोनी सॅलड आणि एक मुख्य पदार्थ: गोडसर सोया सॉसमधलं तेरियाकी बीफ, पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेलं चिकन कात्सू, कोरियन पद्धतीच्या भाजलेल्या बरगड्या, काय हवं ते. भात आइस्क्रीमच्या डावाने वाढतात, म्हणून मुदी अगदी गोल. होनोलुलूत कपाहुलू रस्त्यावरच्या रेनबो ड्राइव्ह-इनमध्ये १९६१ पासून हेच चाललंय. खिडकीशी रांग, कागदी डबा, बाहेरच्या बाकावर बसून खायचं. मॅक सॅलडला नवखे लोक नाकं मुरडतात, कारण ते दिसायला काहीच नसतं. पण त्यातच मेख आहे. मॅकरोनी इटालियन माणूस रडेल इतकी मऊ शिजवायची, गरम असतानाच थोडं व्हिनेगर लावायचं, गार झाली की भरपूर मेयोनीज, किसलेलं गाजर, मीठ, मिरी, आणि रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी मेयोनीज वेगळं दिसता कामा नये. खारट, गोडसर मांसाबरोबर हा गार, सौम्य घास लागतोच. त्याच्याशिवाय प्लेट लंच अपुरं.

बाकीची नावं तुम्ही ऐकलीच असतील. लोको मोको बेटांवरच्याच हिलो गावचा, १९४९ च्या सुमाराचा: भातावर बीफची टिक्की, त्यावर अंडं, त्यावर तपकिरी ग्रेव्ही. साइमिन म्हणजे नूडल्सचं रस्सेदार वाडगं, ते खायला कवाई बेटावर लिहुएच्या हामुरा साइमिनमध्ये जा, वळणावळणाच्या काउंटरवर अनोळखी माणसांच्या कोपराला कोपर लावून बसा. मालासाडा म्हणजे साखरेत घोळलेला, बिनभोकाचा पोर्तुगीज डोनट. पोर्तुगीज आपल्या गोव्याला पाव देऊन गेले, तिकडे त्यांचे मजूर हे घेऊन गेले.

आणि स्पॅम मुसुबी. डबाबंद मांस म्हटल्यावर आपल्याकडचे चेहरे वाकडे होतात, त्यांना माझं एकच सांगणं आहे, गरम खा. स्पॅमचा काप परतायचा, सोया सॉस आणि साखरेत घोळवायचा, दाबलेल्या भाताच्या विटेवर ठेवायचा आणि मध्ये नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा, पट्टा गुंडाळायचा. साचा नसेल तर स्पॅमचा रिकामा डबाच साचा, भाताची वीट कापाच्या मापाची निघते. होनोलुलूत हे पेट्रोल पंपावर, सेव्हन-इलेव्हनमध्ये गल्ल्याशेजारीच ठेवलेलं असतं. शाळेचा डबा, समुद्रावरचं खाणं, ऑफिसला उशीर झाल्यावरचा नाश्ता, सगळं तेच.

आता ‘इथे कुठे मिळतं’. लोकल फूड मिळतं, आणि बरं मिळतं. एल अँड एल ही हवाईची प्लेट लंचवाली साखळी. ते १९९९ मध्ये लॉस एंजेलिसजवळ पुएंते हिल्सला आलं आणि इकडे त्याने पाटीवर ‘हवाईयन बार्बेक्यू’ लिहिलं, कारण ‘प्लेट लंच’ म्हणजे काय हे इथे कुणाला माहीत? बेटावरच्या लोकांना ते नाव आजही खटकतं, पण खायला तिथेच जातात. गार्डीनात हवाईहून आलेले जपानी वंशाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्यामुळे तिथल्या बोलिंग अ‍ॅलीच्या कॉफी शॉपमध्येसुद्धा पोर्तुगीज सॉसेज, अंडी आणि भात असा नाश्ता मिळतो. किंग्ज हवाईयनचे गोड पाव तर इथल्या प्रत्येक वाण्याकडे असतात. ती बेकरी १९५० साली हिलोत सुरू झाली आणि पुढे टॉरन्सला आली. लास व्हेगसला गेलात तर आणखी मजा. डाउनटाउनच्या कॅलिफोर्निया हॉटेलने १९७५ पासून हवाईच्याच गिऱ्हाइकांवर डोळा ठेवला, आणि आज त्या शहराला ‘नववं बेट’ म्हणतात. तिथे ऑक्सटेल (बैलाच्या शेपटीचं) सूप प्यायला रांग लागते. २०२३ मध्ये तर झिप्पीजही व्हेगसला आलं. १९६६ पासून होनोलुलूत भातावर चिली, म्हणजे खिमा-राजम्याचं कालवण, वाढणारं हे दुकान. त्याआधी लोक त्यांची गोठवलेली चिली कूलरमध्ये भरून विमानातून आणायचे. चितळ्यांची बाकरवडी बॅगेत कोंबणाऱ्यांनी हसू नये.

नवीन दुकान पारखायचं असेल तर मी आधी मॅक सॅलड बघते. भात लांबट दाण्याचा, सुटा असेल किंवा मॅक सॅलडच्या जागी हिरवी पानं असतील, तर सरळ दुसरं काहीतरी मागवावं. आणि पदार्थाच्या नावात ‘अलोहा’ असेल तर त्यात अननस निघणार.

हे सगळं इकडे सहज जमतं याचं कारण साधं आहे. यातलं बरंचसं मुळात इकडूनच तिकडे जातं. तिथला रोजचा कॅलरोज तांदूळ कॅलिफोर्नियाचा. स्पॅम मिनेसोटाच्या हॉर्मेल कंपनीचा, १९३७ चा. युद्धाच्या काळात तो बेटांवर आला आणि राहिला. मॅकरोनी, मेयोनीज सगळं बोटीने येतं. मला तर टॉरन्समध्ये मुसुबी तिथल्यापेक्षा स्वस्तात पडते.

मिळत नाही ते बेटांचं स्वतःचं. एक म्हणजे पोके. होनोलुलूत पहाटे पिअर ३८वर ताज्या माशांचा लिलाव होतो. फूडलँडसारख्या साध्या सुपरमार्केटच्या काउंटरवर पोके वजनावर मिळतं, आणि पाटीवर ‘ताजा’ की ‘आधी गोठवलेला’ हे स्पष्ट लिहिलेलं असतं. कच्च्या अहीचे, म्हणजे ट्यूना माशाचे, चौकोनी तुकडे, समुद्री मीठ, लिमू नावाचं शेवाळ आणि भाजून कुटलेल्या कुकुई झाडाच्या बिया, बस्स. इकडे ‘पोके बोल’च्या नावाखाली मका, आंबा, काकडी आणि तीन प्रकारचे सॉस ओतून जे देतात, ते सॅलड म्हणून वाईट नाही. पण त्यात मासा शोधावा लागतो.

दुसरं म्हणजे पोइ. कालोचे कंद वाफवून, दगडी वरवंट्याने कुटून, पाणी घालून केलेली जांभळट-राखाडी पेज. ताजी गोडसर, दोन-तीन दिवसांत आंबूस. एका बोटाने उचलता येते, दोन की तीन बोटं लागतात, यावरून तिचा घट्टपणा सांगतात. नुसती चाखून ‘बेचव’ म्हणणारे पाहुणे पुष्कळ बघितलेत. अहो, भातही नुसता बेचवच असतो. खारट मांसाबरोबर खा. हवाईयन कथेत कालो हा माणसाचा थोरला भाऊ, म्हणून पोइचं भांडं उघडं असताना ताटावर भांडायचं नाही असा रिवाज आहे.

आणि कालो म्हणजे आपलं अळू. वनस्पती तीच. म्हणून इथल्या मराठी मंडळींना मी सांगते, लाउलाउ घरी करा. हवाईची माणसं इथे पालक नाहीतर स्विस चार्डवर भागवतात, आपल्याला आर्टिशियाच्या पायोनियर बुलेवार्डवर गुजराती वाण्याकडे पात्र्याची, म्हणजे अळूची, पानं मिळतात. वडीला करतो तशाच शिरा तासायच्या, पाच-सहा पानं एकावर एक ठेवायची, मध्ये डुकराच्या खांद्याचे चरबीसकट तुकडे, खारवलेल्या ब्लॅक कॉड माशाचा एक तुकडा आणि जाडं मीठ. मसाला नाही, लसूण नाही. हात सवयीने चिंचेकडे जातो, तो आवरायचा. चिंच घशाची खवखव घालवायला असते. इथे ते काम निव्वळ वेळ करतो. पुडी तिथे ‘टी’ नावाच्या झाडाच्या (चहाच्या नव्हे) पानात बांधतात, आपण केळीच्या पानात बांधायची. मोदकपात्रात चार तास. कुकरमध्ये, मंद आचेवर, तास-सव्वा तास. पान अजून पानासारखं दिसत असेल तर झालेलं नाही, परत ठेवा. गर्द, काळपट हिरवा लगदा झाला पाहिजे आणि मांस चमच्याने तुटलं पाहिजे.

शाकाहारी मंडळींना प्रामाणिक उत्तर देते: कठीण आहे. साइमिनच्या रश्श्यात सुकी कोळंबी असते, मॅक सॅलडमध्ये अंडं. पोइ, हाउपिया, शेव्ह आइस (आपला बर्फाचा गोळाच) आणि बाजारातली फळं यावर दिवस काढावे लागतील. फळं मात्र फर्स्ट क्लास.

तिकिटं काढलेलीच असतील, तर येताना माझ्यासाठी लाल मातीचं अलाएआ मीठ आणि ली हिंग मुईची पूड आणा. मालासाडा आणू नका. होनोलुलूच्या लिओनर्ड्स बेकरीच्या दारात, गुलाबी खोक्यातून, हात भाजत खायची ती वस्तू आहे. विमानातून उतरेपर्यंत ती चिवट होते.