शब्द कळत नाहीत, तरी तिथे काय ऐकता?

शब्द न कळता नुसते ऐकून काय मिळते, असे तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. आयरिश भाषा येत नसताना कथा, कविता आणि पारंपरिक संगीताच्या बैठकीत मी तासन्‌तास काय ऐकते, हा प्रश्न मला पुण्याचे नातेवाईक विचारतात आणि इथले, डब्लिनचे मराठी स्नेहीही विचारतात.

त्या बैठकीत गाणे सहसा एकटे येत नाही. आधी त्याची गोष्ट येते. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॉनेमारा भागात शॅन-नोस नावाची गायकी आजही जिवंत आहे. तिला वाद्याची साथ नसते, पक्क्या ठेक्याचे बंधन नसते, आणि सुरांची नक्षी कुठे व किती काढायची हे गाणाऱ्यावर सोपवलेले असते. असे गीत कोणावर आणि कोणत्या प्रसंगाने रचले गेले, हे गाण्यापूर्वी सांगण्याची रीत आहे, आणि श्रोत्यांत माझ्यासारखे परके असतील तर ते बहुधा इंग्रजीत सांगितले जाते.

उदाहरण देते. 1828 साली ॲनाडाउन गावाहून गॉलवेच्या जत्रेला माणसे आणि मेंढ्या घेऊन निघालेली एक जुनी नाव कॉरिब सरोवरात बुडाली. एका मेंढीचा पाय तळाच्या फळीतून आरपार गेला, ते भोक बुजवण्यासाठी कोणीतरी अंगातला कोट त्यावर ठेवून पायाने दाबला आणि फळीच निखळली, असे सांगतात. त्या भागात फिडल वाजवत गावोगाव हिंडणारा अंध कवी रॅफ्टरी याने या दुर्घटनेवर शोकगीत रचले. बुडालेल्यांपैकी काहींची नावे त्यात येतात. एवढे ऐकल्यावर गायक डोळे मिटून पहिली ओळ उचलतो, तेव्हा मला शब्द कळत नाहीत, पण तो कोणासाठी गातो आहे हे पुरते कळलेले असते. मधूनच शेजारी बसलेला एखादा जाणता श्रोता गायकाचा हात हातात घेऊन लयीबरोबर हलकेच फिरवत राहतो. शेवटचे शब्द अनेकदा गायचे सोडून साध्या बोलण्यात म्हटले जातात आणि गाणे तिथे संपते.

त्यानंतर तीच चाल कधी कधी इलन पाइप्सवर, म्हणजे आयरिश बॅगपाइपवर, वाजते. हे वाद्य बसून वाजवतात. उजव्या कोपराखालच्या भात्याने हवा भरायची, डाव्या काखेतल्या पिशवीवर दाब ठेवायचा आणि बोटांनी सूर काढायचे. 2017 साली युनेस्कोने या वादनाची जागतिक अमूर्त वारशात नोंद केली. संथ चाल वाजवणाऱ्याला मूळ गीताचे शब्द ठाऊक असलेच पाहिजेत, असा जुन्या वादकांचा आग्रह असतो, आणि तो मला मनापासून पटतो. रील आणि जिग या नृत्याच्या चाली मात्र गप्पांच्या गलबल्यातही सुखाने चालतात. त्यांच्याबद्दल वेगळे सांगायला नको.

तुमच्या प्रश्नातला ‘नुसते ऐकणे’ हा सूर मात्र मला मान्य नाही. आयर्लंडच्या नैऋत्येकडील केरी परगण्यातील किल रियालिग या वस्तीत शॉन ओ कॉनिल नावाचा शेतकरी-कोळी राहत असे. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते, पण दीर्घ कथांचा मोठा साठा त्याच्या मुखी होता. 1923 साली लोककथा-संग्राहक जेम्स डेलार्गी त्याला भेटले, तोवर हिवाळ्याच्या रात्री शेकोटीभोवती कथा ऐकायला जमणारी माणसे विरळ झाली होती. कथा विसरू नयेत म्हणून तो गुरे राखताना दगडी कुंपणाला आणि बाजारातून परतताना पुढे चालणाऱ्या गाडीच्या पाठीला, हातवाऱ्यांसकट, त्या सांगत असे. डेलार्गींनी हे लिहून ठेवले आहे. 1935 साली त्यांच्याच नेतृत्वाखाली आयरिश लोकसाहित्य आयोग उभा राहिला, आणि 1937 ते 1939 या काळात हजारो शाळकरी मुलांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले वह्यांत उतरवले. त्या वह्या अनमोल आहेत. पण ओ कॉनिलला हवा होता तो समोर बसून ऐकणारा माणूस, आणि तेवढे काम भाषा न येणारी व्यक्तीही करू शकते.

तुम्ही कधी इकडे आलात, तर ध्वनिक्षेपक लावून पर्यटकांसाठी केलेल्या कार्यक्रमापेक्षा लहान खोलीतली बैठक निवडा. गाणे सुरू होताना फोन बाजूला ठेवा आणि ते संपल्यावर गायकाला गाण्यामागची गोष्ट अवश्य विचारा; आधी सांगितली त्याहून बरीच अधिक ती त्याच्याजवळ असते.