बर्फावरून चालत आलेला बेडूक

आदल्या रात्री फोनवर आई म्हणाली, "मृग लागला, पण पावसाचा पत्ता नाही, बेडूकही गप्प." दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॅलिफोर्नियात, टायोगा खिंडीजवळच्या कुरणाच्या कडेला बसून बेडकांचंच गाणं ऐकत होतो. उंची जवळजवळ १०,००० फूट. घाटरस्ता नुकताच खुला झालेला, कुरणावर अर्धाअधिक बर्फ तसाच.

याचं नाव योसेमिटी टोड. टोड म्हणजे आपला भेक, खरखरीत अंगाचा, उड्या मारण्यापेक्षा चालणं पसंत करणारा. एक नर माझ्यासमोर बर्फावरूनच आला. चार पावलं टाकायची, थांबायचं, पुन्हा चार पावलं. सकाळी बायकोनं मागे लागून फिरायला पाठवलेल्या काकांची चाल! बर्फ वितळायला लागला की उंदीर-घुशींच्या जुन्या बिळांतून आधी नर बाहेर पडतात आणि डबक्यांवर जागा धरतात. माद्या मागाहून येतात, त्याही थोड्याच. त्यामुळे नरांची घाई इतकी, की एकानं दुसऱ्या नरालाच मागून मिठी मारली. खालचा चिवचिवला, म्हणजे "अरे, मी तो नव्हे!" मग वरचा ओशाळून उतरला. (ओशाळला हे माझं आपलं.)

नर साधा, पिवळट हिरवा. मादीच्या अंगावर काळे डाग, त्यांना फिकट किनार. शेजारी ठेवले तर दोन वेगळ्या जाती वाटाव्यात.

आपल्याकडे बेडूक रात्री पावसात डरावतात; हे मात्र भर उन्हात गातात, कारण रात्री सगळं गोठतं. आवाज लांबलचक आणि थरथरता. १९१६ साली चार्ल्स कॅम्प यांनी या जातीचं वर्णन केलं, तेव्हा तिला नावच दिलं 'कॅनोरस', म्हणजे सुरेल.

अंडी घालतात ती उन्हानं कोमट झालेल्या, जेमतेम घोटाभर पाण्यात. डबकं आटायच्या आत पिल्लांना पाय फुटले तर ठीक, नाहीतर संपलं. बर्फ कमी पडलेल्या वर्षी बऱ्याचदा ती वेळ गाठता येत नाही. २०१४ पासून ही जात अमेरिकेच्या कायद्यानं संरक्षित आहे. म्हणून ओल्या गवतात पाय न घालता खडकावरूनच दुर्बीण लावली.

तीनच्या सुमारास सूर्य ढगाआड गेला आणि एकेक आवाज बंद पडत गेला. रेकॉर्डिंग आईला पाठवलं.

"रातकिडे का रे?" तिनं विचारलं.