दहाच्या ठोक्याला

डेपो कुठला ते सांगत नाही. चूक डेपोची नव्हती, माझी होती, एवढं मात्र आधीच सांगून टाकते.

आमचा प्रकल्प तीन घरांचा होता: इंजिनिअरिंग कॉलेजातला आमचा विद्युत विभाग, शहर बससेवा आणि वीज वितरण कंपनी. इलेक्ट्रिक बस अशा बेताने चार्ज करायच्या की सकाळी गाडीला उशीर नको आणि वीजयंत्रणेवर ताणही नको. पहिले दोन महिने एकमेकांची भाषा समजण्यातच गेले. मी ‘लोड फॅक्टर’ म्हटलं की बसवाले विचारायचे, कुठल्या मार्गाचा? त्यांच्याकडे लोड फॅक्टर म्हणजे गाडीतल्या किती जागा भरल्या. आमच्याकडे सरासरी मागणी भागिले कमाल मागणी. एका बैठकीत तर अर्धा तास सगळ्यांनी एकमेकांना माना डोलावल्या, आणि बोलत होतो वेगवेगळ्याच गोष्टींबद्दल.

जुलै २०२३. तेव्हाच्या दरपत्रकात संध्याकाळी ६ ते १० युनिटमागे १ रुपया १० पैसे जादा लागायचे आणि रात्री १० ते सकाळी ६ दीड रुपया सूट मिळायची. म्हणजे गाडी नऊला आली तरी चार्जिंग दहाला सुरू केलेलं परवडतं. त्यासाठी मी प्रोग्राम लिहिला. गाडी आली, मामांनी गन (चार्जरच्या केबलचं गाडीत खुपसायचं टोक) लावली, की पुढचं सगळं सर्व्हर बघणार. (चार्जिंगचं काम बघणाऱ्यांना अख्खा डेपो मामा म्हणायचा, मीही.) डेपोचा करारातला भार, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढायची ती हद्द, १६०० केव्हीए (केव्हीए म्हणजे ढोबळमानाने किलोवॉटच); तेवढी मर्यादा प्रोग्रामला घालून दिली होती. हद्द ओलांडल्याचा एक रुपयाचाही दंड पडणार नाही, असं मी बैठकीत छातीठोक सांगितलं होतं.

चार्जर चौदा, प्रत्येकी १८० किलोवॉटचे, दोन-दोन गनचे. सात पूर्वेच्या भिंतीला, सात पश्चिमेच्या. दोन्ही बाजूंना एकेक १००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर. त्या दिवशी दुपारपासून पाऊस कोसळत होता आणि पश्चिमेकडे घोटाभर पाणी साचलं होतं. तिकडच्या चार्जरना हात लावायचा नाही असं ठरलं. गाड्या पूर्वेकडे लागल्या. दहा वाजायला आले तेव्हा चौदा गाड्यांना गन लागलेल्या होत्या आणि सगळ्या दहाची वाट बघत थांबलेल्या. आणखी सहा गाड्या फाटकाशी रांगेत.

दहाच्या ठोक्याला सातही चार्जरचे पंखे एकदम घोंगावले. पावसाच्या आवाजावरही ऐकू आले. लॅपटॉपवर आकडा चढत चढत १३४० केव्हीएला स्थिरावला. मर्यादा १६००. मी खुशीत स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला.

सातव्या मिनिटाला धाड असा आवाज झाला आणि अर्धं अंगण काळोखात गेलं. मामा भिजतच टाइमकीपरच्या केबिनमध्ये आले. ‘‘ट्रिप झाली!’’ टाइमकीपरने रजिस्टरमधून मान वर न करता विचारलं, ‘‘कुठली?’’

ब्रेकर, म्हणजे जादा भार आला की वीज तोडणारा स्विच, पडला होता. थोडाफार जादा भार तो लगेच तोडत नाही, काही मिनिटं सोसतो, म्हणून ती सात मिनिटं मिळाली. सगळ्या डेपोचा हिशेब मी बरोबर मांडला होता, फक्त १३४० केव्हीए एकट्या पूर्वेच्या ट्रान्सफॉर्मरवर जातील हे प्रोग्रामला ठाऊकच नव्हतं. त्याच्या लेखी डेपो म्हणजे एकच आकडा.

वितरण कंपनीचे कनिष्ठ अभियंता रेनकोटमधून पाणी गाळत आले, मीटर बघितला आणि म्हणाले, ‘‘आमच्या बाजूला काही नाही.’’ हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे, पण त्या रात्री ते खरं होतं. ट्रान्सफॉर्मरचं तापमान उतरेपर्यंत त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. सव्वाअकराला पुन्हा सुरू केलं, तेही एका वेळी नऊच गन या अटीवर.

आता वीस गाड्या, नऊ गन, आणि पहिली गाडी ४ वाजून ५० मिनिटांनी सुटायची. प्रोग्राम बंद करून टाइमकीपर आणि मी ड्युटी शीट घेऊन बसलो. माझ्या डोक्यात प्रत्येक बॅटरी शंभर टक्के भरायची होती. त्यांनी पेन्सिलीने खुणा करायला सुरुवात केली. ही गाडी दुपारी एकलाच परत येते, साठावर सोडा. हिला घाट आहे, पूर्ण भरा. हिचा ड्रायव्हर एसी बंद करत नाही, दहा टक्के जास्त धरा. असला रकाना माझ्या डेटात कुठेच नव्हता. मामा रात्रभर पावसात गन काढत होते, लावत होते. ती जाड केबल ओली झाली की अजगरासारखी जड लागते, मी दोनदा उचलून बघितली. एकोणीस गाड्या वेळेवर सुटल्या. विसाव्या गाडीला ६१ टक्क्यांवर जवळच्या मार्गावर पाठवलं.

एक प्रश्न मात्र उरला. पाणी आदल्या वर्षीही साचलं होतं, गाड्या तेव्हाही पूर्वेलाच लागल्या होत्या. मग ब्रेकर तेव्हा का नाही पडला? मला वाटलं मामांची काही युक्ती असणार. ते म्हणाले, ‘‘मी कुठं काय करत होतो? गाडी आली की धुवायची, झाडायची, मग गन. मधे चहा.’’

प्रत्येक घरात इस्त्री असते, पण सगळी कॉलनी एकाच मिनिटाला इस्त्री लावत नाही, या भरवशावर कॉलनीचा ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो. आम्ही याला डायव्हर्सिटी म्हणतो, पहिल्या वर्षाला शिकवतो. मामांच्या चहामुळे ती आपोआप मिळत होती. मी स्वस्त दराची वेळ गाठायच्या नादात ती काढून टाकली. ब्रिटनमध्ये ३० जून २०२२ पासून घरगुती स्मार्ट चार्जरना १० मिनिटांपर्यंतचा यादृच्छिक उशीर नियमानेच घालून दिला आहे, तो नेमका यासाठीच. माझ्या अहवालात या नियमाचा उल्लेखही होता. पान सहा.

आता प्रत्येक ट्रान्सफॉर्मरची मर्यादा वेगळी आहे, ड्युटी शीट प्रोग्रामला जोडली आहे आणि गाड्या मागेपुढे सुरू होतात. दुपारी सौरऊर्जा मुबलक, म्हणून केंद्राच्या जून २०२३ च्या नियमांनी त्या तासांत दर निदान २० टक्के कमी ठेवायला सांगितलं. पण दुपारी आमच्या गाड्या रस्त्यावर. त्यावरचं भांडण अजून चालू आहे.

शिवाय प्रोग्राममध्ये एक नवा रकाना आला: ‘पश्चिमेला पाणी? हो / नाही’. ‘हो’ म्हटलं की एका वेळी नऊच गन. तो रोज संध्याकाळी मामा भरतात. डिसेंबरात एकदा निरभ्र आभाळाखाली सलग तीन दिवस ‘हो’ आलं, तेव्हा मी फोन केला.

‘‘मॅडम,’’ मामा म्हणाले, ‘‘नऊ गाड्या असल्या की जेवायला वेळ मिळतो.’’