गिटार, मांडी आणि उलटं कातडं

गिटार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गळ्यात पट्टा अडकवून उभा राहिलेला पोरगा येतो. मी वाजवते ती गिटार कुणाच्या गळ्यात पडत नाही. ती आडवी. तारा आभाळाकडे, डाव्या हातात लोखंडी बार, उजव्या हाताच्या बोटांत नख्या. इंग्रजीत लॅप स्टील, आपल्याकडे सरसकट हवाईयन गिटार. ती मांडीवर बसते असं म्हणतात खरं, पण प्रत्यक्षात बसल्याचं नाटक करते. आलाप जरा रंगात आला की हळूच गुडघ्याकडे निघते.

हे वाद्य आपल्या कानांना काही नवं नाही. आकाशवाणीवर दोन कार्यक्रमांच्या मधल्या फटीत जी सिनेमाच्या गाण्यांची धून वाजायची, ती बरेचदा याच गिटारीवर वाजलेली असायची. व्हॅन शिपले, हजारा सिंग या वादकांची नावं आईबाबांच्या पिढीला पाठ. मूळ शोधत गेलं तर पार हवाई बेटांवर पोचतो. तिथल्या जोसेफ केकुकू नावाच्या पोराने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तारांवर लोखंडाचा तुकडा फिरवायला सुरुवात केली, असं मानतात. 1930च्या दशकात अमेरिकेत विजेवर चालणाऱ्या गिटारी निघाल्या, त्यांतली अगदी सुरुवातीची एक हीच आडवी होती, ओतीव ॲल्युमिनियमची. गोल इवलंसं अंग आणि लांब दांडा, त्यामुळे लोक तिला फ्राइंग पॅन म्हणायचे. मला मात्र फोटो बघताना एकच प्रश्न पडतो : ही मांडीवर टिकायची कशी?

कारण टिकण्यावर सगळं अवलंबून आहे. उभ्या गिटारीत बोट पडद्यामागे कुठेही दाबा, सूर पडदा ठरवतो. आडव्या गिटारीवर पडदे नसतात, नुसत्या आखलेल्या पट्ट्या. बार बरोब्बर रेघेवर आला तर सूर, नाहीतर बेसूर. माझ्या गिटारीच्या तारेची लांबी साडेबावीस इंच. त्या हिशेबाने पहिलं घर, म्हणजे दोन रेघांमधली जागा, सुमारे 32 मिलिमीटर रुंद होतं आणि बाराव्या रेघेच्या पुढचं घर जेमतेम 16. म्हणजे वरच्या सप्तकात गिटार चार मिलिमीटर डावीकडे सरकली आणि हात सवयीने जुन्याच जागी गेला, तर सूर अर्ध्या स्वराच्या पाव भागाने चुकतो. चार मिलिमीटर म्हणजे शर्टाच्या बटणाच्या जाडीपेक्षा फार जास्त नाही, पण ऐकणाऱ्याला पुरेसे. आणि नाशिकसारख्या गावात तर नक्कीच. द. वि. पलुस्कर 1921 साली इथेच जन्मले, विष्णू दिगंबरांचा आश्रम पंचवटीत होता. इथल्या मैफलीत पहिल्या रांगेत बसणारे आजोबा डोळे मिटून असतात, झोपलेले नसतात.

डोळे रेघेवर ठेवले तर चूक सावरता येते, हे खरं. पण नजर सतत बारला चिकटलेली ठेवून मारव्यासारखा राग वाजवायचा म्हणजे वहीतली ओळ न सोडता शुद्धलेखन लिहिल्यागत होतं. त्यातून गिटार नुसती सरकत नाही, फिरतेही. खुंट्यांकडचं टोक जड, ते पुढे झुकतं, आणि बार तारांना काटकोनात राहत नाही. मग एका तारेवर सूर बरोबर आणि शेजारच्या तारेवर उतरलेला.

गिटार का सरकते, याचा मी बसून विचार केला तेव्हा लक्षात आलं की यात दोन वेगळी दुखणी आहेत. एक उताराचं. खुर्ची उंच असली की गुडघे खाली जातात, मांडी घसरगुंडी होते. याला औषध घरातच होतं : पायांखाली पाट. जेवायला आता कुणी पाटावर बसत नाही, तेव्हा तो माळ्यावरून काढला आणि मांड्या सपाट झाल्या. दुसरं दुखणं ओढीचं. बाराव्या रेघेवरून तिसरीपर्यंत लांब मींड घेतली, म्हणजे सूर न तोडता बार सरकवत नेला, की बार तारांवर घासत जातो आणि गिटारीलाही थोडं आपल्याबरोबर ओढून नेतो. ही ओढ आडवी, डावीकडे. तिथे पाटाचा काही उपयोग नाही.

नवशिका या ओढीवर मांड्या आवळून उपाय करतो. मला हा उपाय मुळीच पटत नाही. मांड्या आवळल्या की कंबर आवळते, मग खांदा, मग मनगट, आणि बारच्या टोकाला जो नाजूक आंदोलनाचा थरथराट यायला हवा तो थंडीने दातखीळ बसल्यासारखा येतो. सूर धरायचा तर गिटार दुसऱ्या कशानेतरी धरलेली पाहिजे.

आणि मग येतात कपडे. सुती साडी किंवा सुती सलवार असेल तर गिटार बऱ्यापैकी ऐकते. टेरिकॉट नाही ऐकत. रेशमाचं तर विचारूच नका. आमच्या सोसायटीच्या गणपतीत वाजवायचं ठरलं तेव्हा घरातून एकमताने ठराव झाला की येवल्याची पैठणी नेसायची. रेशमावर पॉलिश केलेलं लाकूड म्हणजे काय होतं, ते पहिल्याच गतीत सगळ्या सोसायटीने पाहिलं. मी गिटारीला कोपराने आवरत होते आणि काठावरचे मोर गिटारीच्या बुडाला घासत होते. नंतर हे म्हणाले, "अगं, छान झालं. फक्त तू मधेमधे तिला मिठी का मारत होतीस?"

आमच्या तबलजींनी तोडगा सुचवला, चुंबळ करा. तबला त्यांच्या चुंबळीवर कसा ठाण मांडून बसतो, मग गिटार का नाही बसणार? करून पाहिली. पण चुंबळ गोल बुडाच्या वाद्यासाठी. लांबट गिटार तिच्यावर तोलकाट्याच्या दांडीसारखी वरखाली व्हायला लागली. ब्रिजभूषण काब्रा खाली मांडी घालून बसायचे आणि गिटार मांडीवर आडवी घेऊन हिंदुस्थानी राग वाजवायचे. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरची त्यांची 1967ची रेकॉर्ड आमच्याकडे अजून आहे. मांडी घातली की दोन गुडघ्यांमध्ये खोलगट जागा तयार होते, तिथे वाद्य विसावतं. पण त्यासाठी गुडघे काब्रांचे हवेत. माझे कॉलेज रोडवरच्या स्पीडब्रेकरांनी केव्हाच खिळखिळे केलेत.

मग स्वयंपाकघरातून कल्पना आली. ग्रॅनाइटच्या ओट्यावर पोळपाट फिरायला लागला की आपण खाली ओलं फडकं घालतो. ओलं फडकं साडीवर चालणार नाही, पण त्याचा कोरडा भाऊ बाजारात मिळतो, ड्रॉवरमध्ये घालायची जाळीदार रबरी मॅट. मेनरोडच्या आतल्या गल्लीत एका दुकानात गेले.

"कशाखाली टाकायचीय मॅडम? मिक्सर की वॉशिंग मशीन?"

"गिटारखाली."

"गिटार तर अशी धरतात ना?" त्याने हवेतच वाजवून दाखवली.

"ही आडवी असते. मांडीवर."

तो जरा थांबला. "मग मॅट गिटारला चिकटवणार की तुम्हाला?"

प्रश्न योग्य होता, कारण मॅट दोघांनाही धरून ठेवते आणि कुणालाच चिकटवावी लागत नाही. अगदी छान धरते. जाळीचा एक चौकोन मांडीवर पसरला, वर गिटार ठेवली, की लांब मींडही हलवू शकत नाही. पण माझ्या गिटारच्या सरांनी बघताक्षणी ती ओढून काढली. जुन्या गिटारींवर नायट्रोसेल्युलोजचं लॅकर असतं, आणि असल्या प्लास्टिकमध्ये ते मऊ ठेवण्यासाठी जे द्रव्य घातलेलं असतं ते त्या लॅकरला खातं. महिनोन्‌महिने चिकटून राहिली तर पॉलिशवर जाळीची नक्षी उमटते, कायमची. "वाजवताना वापरा, पण पेटीत तिच्यासकट ठेवू नका," म्हणाले. इतकं लक्षात ठेवण्यापेक्षा मी दुसरं शोधायचं ठरवलं.

ते सापडलं अशोकस्तंभाजवळ, फुटपाथवर चपला दुरुस्त करणाऱ्या काकांकडे. चपलेचा अंगठा शिवून घेताना सहज गिटारीची गोष्ट निघाली. त्यांनी पेटीतून तांबूस कातड्याचा तुकडा काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "उलट्या बाजूनं हात फिरवा." एका बाजूला गुळगुळीत, दुसरीकडे बारीक लव. "ताई, चमकदार बाजू आत घाला, खरबरीत बाहेर. मग हलायचं नाही." दोन तुकडे पाठीला पाठ लावून त्यांनी तीन कडांना टाके घातले. चौथी कड उघडी ठेवायला मी सांगितलं. तिथून गुडघ्याकडच्या बाजूला जुन्या गोधडीची चिंधी कोंबली, म्हणजे जो काही थोडा उतार पाटानेही जात नाही तो या फुगवट्याने भरून निघतो. खालची लव साडीला धरते, वरची लव लाकडाला. पैठणीवरही चालतं, फक्त काठ सांभाळून.

काहीजण गिटारीला पट्टा लावून तो मांडीखालून घेतात, काही सरळ चार पायांच्या स्टँडवर ठेवतात. स्टँडवर घसरायचा प्रश्नच नाही, उभं राहूनही वाजवता येतं. मला तरीही मांडीच बरी वाटते. खर्जाची तार छेडली की तिची थरथर कातड्यातून थेट मांडीपर्यंत येते, आणि कानाआधी तिथे कळतं की तार उतरली आहे. स्टँडला हे सांगता येत नाही.

आता गिटार हलत नाही, तर बार निसटतो. मे महिन्यात नाशिकलाही घाम येतो, आणि गोल बार घामट बोटांतून सुटला की सरळ फरशीवर. खाचा असलेला बारही मिळतो, तो बोटांत अडकून राहतो, पण सरांच्या मते गोल आणि जड बारचा नाद वेगळाच. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी परवा फोन करून विचारलं, "काय गं, रोज संध्याकाळी तुझ्याकडे खलबत्ता पडतो का?" मी म्हटलं, खलबत्ता नाही काकू, मारवा चालू असतो. त्या म्हणाल्या, "मग खाली सतरंजी घाल की."